दोन इंजिनांची बोट आडवी कशी सरकवावी?

प्रश्न: आमच्या बोटीला दोन इंजिने व दोन सुकाणू आहेत, पण नाळेकडे (पुढच्या टोकाला) थ्रस्टर, म्हणजे बोट आडवी ढकलणारा छोटा पंखा, नाही. उजवीकडच्या धक्क्याकडे समांतर सरकताना नाळ आधी वळते आणि पिछाडी मागे राहते. हे कसे टाळावे?

उत्तर १: डावे इंजिन पुढे, उजवे मागे आणि सुकाणू डावीकडे ठेवावे. इंजिनांची जोडी नाळ उजवीकडे वळवू पाहते, तर डाव्या पंख्याचा झोत सुकाणूवर आदळून पिछाडीला उजवीकडे रेटतो. ही दोन वळणे एकमेकांना तोलून धरू लागली की शिल्लक राहतो तो आडवा रेटा. उलटा फिरणारा पंखा कमी जोर देतो, म्हणून उजव्या इंजिनाचे फेरे थोडे वाढवावे लागतात, अन्यथा बोट पुढे सरकते.

उत्तर २: सुकाणू अगदी टोकापर्यंत वळवून ठेवू नये, कारण मग नाळ पिछाडीच्या आधी धक्क्याकडे जाऊ लागल्यास दुरुस्तीला वाव उरत नाही. पिछाडी आधी जात असेल तर सुकाणू किंचित मधोमध आणावे. पंखे एकमेकांपासून फार दूर असलेल्या कॅटामरानवर (दोन जोड-सांगाड्यांच्या बोटीवर) मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे सुकाणूचा जोर इंजिनांच्या वळणापुढे तोकडा पडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वारा धक्क्याकडून येत असेल तर?

उत्तर २: मग सरळ स्प्रिंग दोर (बोटीपासून धक्क्यापर्यंत तिरका, पुढे किंवा मागे जाणारा दोर) लावावा.