शब्दचर्चा : ‘डिमेन्शिया’ला मराठीत काय म्हणावं?

लेस्टरची दुभाषी : इथे इंग्लंडात मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसरभोळेपणाच्या तपासणीच्या दवाखान्यात, मराठी वयस्क मंडळी आली की मला दुभाषी म्हणून बोलावतात. आता घरच्यांसाठी मराठी माहितीपत्रक करायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. ‘स्मृतिभ्रंश’ लिहिलं, तर एका सूनबाईंनी विचारलं, “सिनेमात डोक्याला मार बसून होतं, तसं?” ‘केअरर’ (आजारी माणसाची घरी काळजी घेणारं कोणी) आणि ‘केअर होम’ (जिथे राहून काळजी घेतली जाते ती जागा) यांचाही घोळ आहेच. तुम्ही काय वापराल?

पोथीवाला : ‘स्मृतिभ्रंश’ थेट गीतेतला, दुसरा अध्याय, श्लोक ६३. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिविभ्रम आणि मग ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’. तिथे तो विवेक सुटण्याबद्दल आहे, मेंदूच्या आजाराबद्दल नाही. पण ज्या पिढीला श्लोक पाठ आहे, तिला शब्दामागचा क्रोधही ऐकू येतो. “आयुष्यभर तापट होते ना, म्हणून हे,” असं म्हणणारे नातेवाईक मी ऐकलेत. हिंदीतला ‘मनोभ्रंश’ आपल्या घरांत ‘वेड’पर्यंत जायला वेळ लागत नाही. ‘म्हातारचळ’ तर नकोच. त्यात वयाला न शोभणाऱ्या वागण्याचा, रंगेलपणाचा टोमणा आहे. या आजाराच्या एका प्रकारात विसरण्याआधी भीडभाड सुटते. अशा माणसावर हा शब्द म्हणजे आरोपपत्रच.

नाशिकची ताई : मला शब्दापेक्षा म्हणीचा राग आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं आणि वर्षानुवर्षं घरात बसायचं. बी-१२ कमी असलं, थायरॉईड बिघडलं, तरी माणूस विसरायला लागतो, गोंधळतो, आणि ते औषधांनी सुधारू शकतं. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही. तेव्हा ‘डिमेन्शिया’च ठेवा, डायबेटिस लोकांनी पचवलाच की. खाली साध्या भाषेत लिहा : हा मेंदूचा आजार आहे, आठवण, बोलणं, वागणं, रोजची कामं यांवर हळूहळू परिणाम होतो, सगळ्यांना सगळंच होत नाही. पण पहिलं वाक्य ‘हे नुसतं वय नव्हे’ असंच हवं.

लेस्टरची दुभाषी : ताई, हे घेतलं. तपासणीतली गंमतही सांगते. सिडनीत तयार झालेली रूडास नावाची चाचणी आहे, २००४ साली प्रसिद्ध झालेली. वेगवेगळ्या भाषांच्या, कमी शिकलेल्या लोकांनाही चालावी अशी ती बेतली आहे. त्यात वाणसामानाच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात : चहा, तेल, अंडी, साबण. एक आजी चहा, तेल, साबण म्हणाल्या आणि गप्प. नर्सने दोन गुण कापायला पेन उचललं, तेवढ्यात आजी माझ्याकडे वळून कुजबुजल्या, “ते चौथं आमच्या घरात येत नाही गं.” दुसऱ्या एका चाचणीत आजोबांना तारीख विचारली, तर म्हणाले, “वद्य अष्टमी.” घरी जाऊन कालनिर्णय पाहिलं, बरोबर होती! तेव्हापासून असं उत्तर आलं की मी ते जसंच्या तसं सांगते आणि तिथी म्हणजे काय तेही. गुण द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं, पण ‘माहीत नाही’च्या रकान्यात ते जाऊ नये.

पोथीवाला : ‘केअर होम’ला ‘वृद्धाश्रम’ करू नका. तो शब्द आला की मुलांनी टाकलं, एवढंच ऐकू येतं. ‘शुश्रूषागृह’ दवाखान्यासारखं वाटतं. ‘केअर होम’च ठेवा आणि तिथे काय मिळतं ते लिहा : जेवण कसलं, आंघोळ घालायला बाई की पुरुष, देवाचा फोटो ठेवता येतो का, मराठी बोलणारं कोणी आहे का. पुष्कळांची मागाहून शिकलेली इंग्रजी आधी जाते, म्हणून शेवटचा प्रश्न ठळक छापा.

लेस्टरची दुभाषी : आणि केअरर? इथे २०१४च्या केअर ॲक्ट या कायद्याप्रमाणे केअररच्या स्वतःच्या गरजाही कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, तपासायच्या असतात. आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काळजी घेणाऱ्याला, बाकी अटींत बसत असेल तर, भत्ताही मिळतो. पण विचारलं की बायका म्हणतात, “मी केअरर नाही, सून आहे.” अर्जातला रकाना कोराच.

नाशिकची ताई : मग ‘काळजीवाहक’ वगैरे छापूच नका. आपण काय म्हणतो? ‘तिने सासूचं खूप केलं.’ तसंच विचारा : “घरी यांचं सगळं कोण करतं?” उत्तर येईल, त्या नावापुढे खूण करा.