दारावर आलेल्या बाबांना 'नको' कसं म्हणायचं? (सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा)

सी-२०३: नमस्कार सगळ्यांना 🙏 आज दुपारी अडीचच्या सुमाराला दोन भगव्या कपड्यातले बाबा आमच्याकडे आले, हातात तेलाचा डबा त्यात शनीची मूर्ती, कुरिअर येणार होतं म्हणून मी सेफ्टी डोअर पण उघडलं तर समोर हे. मी काही बोलायच्या आत 'आई घरावर साडेसाती दिसतेय' सुरू, सासूबाई मागून आल्या तर त्यांच्या हातात दोरा बांधून मोकळे आणि मग ५०१ ची पावती फाडल्याशिवाय हलेचनात. शेवटी मी दार लावलं तर आता सासूबाई म्हणतात साधूला हाकललं, शाप लागेल. यांना वर सोडलं कोणी?

सेक्रेटरी: मॅडम वॉचमनला विचारलं. मायगेट ॲपवर (पाहुण्यांची नोंद होते ते) एंट्रीच नाही. सी-५०४ कडे पूजा आहे म्हणून सांगून आत आले. तो म्हणतो देवाच्या माणसाला मी कसं अडवू साहेब

सी-५०४: आमच्याकडे कसली पूजा?? आम्ही नाशिकला आहोत

बी-३०२: मी तर सरळ सांगते घरात सुतक आहे. सुतकाच्या घरचं घेत नाहीत ते, आल्या पावली परत. आज पण तेच सांगितलं

बी-३०४: काकू म्हणजे खरं नाहीये का ते?? अहो ते आमच्याकडे येऊन म्हणाले शेजारी सुतक आहे म्हणून तुमच्याकडे आलो. आमचे हे पांढरा शर्ट घालून निघालेत तुमच्याकडे

बी-३०२: अगं थांबव त्यांना! काका मजेत आहेत, शब्दकोडं सोडवतायत

ए-१०१: भावपूर्ण श्रद्धांजली 🙏🙏

ए-१०१: सॉरी सॉरी, वरचे मेसेज वाचले नव्हते

डी-६०२: 😀😀 पण खरंच सांगतो, कारण द्यायला गेलं की माणूस अडकतो. 'साहेब घरी नाहीत' म्हटलं की घरात बाई एकटी आहे हे अनोळखी माणसाला आपणच सांगितलं, 'आत्ता वेळ नाही' म्हटलं की संध्याकाळी हजर आणि 'सुट्टे नाहीत' म्हणायची तर आता सोयच राहिली नाही, झोळीतून क्यूआर कोड काढतात. मी काय करतो, जाळीचं दार उघडायचंच नाही, आतूनच हात जोडायचे आणि 'नमस्कार बाबा, आम्ही दारावर काही देत नाही, माफ करा' एवढं बोलून आतलं दार लावून घ्यायचं, उत्तराची वाट बघायची नाही. दोरा, अंगारा, प्रसाद काही हातात घ्यायचं नाही कारण एकदा हातात पडलं की पैशाचं बोलणं तिथून सुरू होतं. आणि रास गोत्र तर अजिबातच सांगायचं नाही. आडनाव त्यांनी नेमप्लेटवर वाचलेलं असतं आणि आपल्याला वाटतं बाबांनी ओळखलं!

सी-२०३: हो ना, सासूबाईंना आडनावानेच हाक मारली, त्यातच त्या विरघळल्या

ए-४०५: पण तोंडावर दार लावायचं म्हणजे उद्धटपणाच झाला ना. आमच्या गावी साताऱ्याकडे पहाटे वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी, चिपळ्या, आई सुपात धान्य घेऊन बाहेर जायची. आपली संस्कृती आहे ती

डी-६०२: काका वासुदेवाला कोण नको म्हणतंय? पण तो दिलं ते घ्यायचा, देवांची नावं घेऊन दान पावलं म्हणायचा आणि पुढच्या दारी जायचा. नाही दिलं तर तुमच्या नातवावर संकट आहे असं म्हणायचा का? भिक्षा मागणं वेगळं आणि घाबरवून वसूल करणं वेगळं

ए-४०५: ते बरोबर आहे

सी-३०१: आणि मागच्या वेळी त्या येशूची पुस्तकं घेऊन आलेल्या दोन बायकांवरून इथे केवढं रामायण झालं होतं, आठवतंय? माझ्याकडे पण आल्या होत्या. मी म्हटलं नको ताई आम्हाला यात रस नाही, त्या थँक्यू म्हणून गेल्या, विषय संपला. नियम करायचा तर सगळ्यांना एकच करा, भगवं बघून एक आणि पुस्तक बघून दुसरा असं नको

ए-७०१ (वकील काका): योग्य मुद्दा. संविधानाच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करायचा हक्क प्रत्येकाला आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने एवढं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. पण ऐकायलाच पाहिजे अशी सक्ती आपल्यावर कुठेच नाही, त्यामुळे नको म्हणताना अपराधी वाटायचं कारण नाही. आणि कोणी चमत्कार दाखवून, भीती घालून पैसे उकळत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि दंड. दारातून हलत नसतील तर वाद घालू नका, ११२ ला फोन करा.

बी-५०१: आमची मुलगी अमेरिकेत ओहायोला असते, तिकडे जेहोवाज विटनेस म्हणून एक ख्रिस्ती पंथ आहे, त्यांचे लोक प्रचाराला घरोघर फिरतात. तिथल्याच एका गावाने नियम केला होता की परमिट घेतल्याशिवाय फिरायचं नाही, २००२ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. पण दारावर पाटी लावायचा आणि नको म्हणायचा हक्क घरमालकाला आहेच असं पण म्हटलं. तिने पाटी लावलीये. आपण पण लावूया का?

बी-३०२: पाटी वाचतंय कोण इथे, 'चपला बाहेर काढा' तर कोणी वाचत नाही

सेक्रेटरी: ठीक आहे. आजपासून कोणीही असो, कोणत्याही धर्माचं, फ्लॅटमधून ओके आल्याशिवाय वर सोडायचं नाही. शापाचं काय ते सेक्रेटरीच्या नावावर, असं वॉचमनला सांगितलंय 😀

ए-७०१ (वकील काका): उत्तम. आता एक अप्रिय विषय. आपल्या मंडळाची मुलं वर्गणीला येतात तेव्हा मागच्या वेळी किती दिले ते मोठ्याने वाचून दाखवतात, मग माणूस लाजेने वाढवून देतो. ती पण जबरदस्तीच आहे. आणि वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१ क. घेतली आहे ना?

ई-१०३: काका अर्ज केलाय. यावेळी याद्या वाचणार नाही, प्रॉमिस. ग्रुपवर क्यूआर टाकू, ज्यांना द्यायचेत ते देतील, बेल वाजवणार नाही

डी-६०२: वा 👏

ई-१०३: पण मग महाप्रसादाचं बोलवायला बेल वाजवायची की नाही?

ए-७०१ (वकील काका): ती वाजवा.