पंपाच्या केसिंगला पॅटर्न कसला करावा?

प्रश्न: सेंट्रिफ्यूगल पंपाचं केसिंग बिडात (कास्ट आयर्नमध्ये) ओतून घ्यायचंय. आधी पंचवीसेक नग, चाललं तर महिन्याला दोनशे. फौंड्रीवाले म्हणतात, पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) तुम्ही आणा. कसला करू?

शिरोलीकर: एवढ्याशा नगांना मॅचप्लेट (एकाच पाटीच्या दोन्ही बाजूंना बसवलेला पॅटर्न) कशाला? सागवानी स्प्लिट पॅटर्न करा. दोन फाका, मध्ये त्या जुळवायला डॉवेल (खुंट्या). एक वाळूच्या खालच्या पेटीत, एक वरच्या. आतली पोकळी कोअरने (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने) येणार, तो बनवायचा कोअर बॉक्स वेगळा. कोअर प्रिंटमध्ये (कोअर टेकायच्या जागेत) मात्र कंजूषी नको. आखूड प्रिंटवर कोअर नीट बसत नाही, रस ओतताना उचलतो आणि भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पापडासारखी निघते. मापं आकसपट्टीनेच (धातूच्या आकसाइतकी मोठी आखलेली पट्टी) घ्यायची. बीड मीटरला साधारण 10 मिमी आकसतं. मशिनिंगच्या तोंडांना 3 मिमी जादा, उभ्या बाजूंना एक-दोन अंश उतार.

प्रश्नकर्ता: थर्माकोलचा स्वस्त पडेल ना?

शिरोलीकर: एका नगापुरता. रस पडला की जळून जातो, पुढच्या नगाला पुन्हा नवा. प्रेसच्या बेडसारख्या एखाद-दुसऱ्या मोठ्या कामाला ठीक.

दुसरा सभासद: दोनशेवर गेलात की अल्युमिनियमची मॅचप्लेट घ्या, लाकूड सारखं ठोकून झिजतं. सीएनसीवर कापली तर प्रश्न नाही. पण लाकडी मास्टरवरून (मूळ नमुन्यावरून) ओतून घेणार असाल तर मास्टरला दुहेरी आकस द्यावा लागेल: अल्युमिनियमचा मीटरला साधारण 13 मिमी आणि वर बिडाचा 10.

शिरोलीकर: बरोबर. आणि व्हॉल्यूटच्या (केसिंगच्या गोगलगायीसारख्या वळणाच्या) जिभेजवळ फिलेट (कोपऱ्याला गोलाई) मारायला सांगा, तिथेच तडा जातो.