गरम कॉफी मागितली, ज्ञान मिळालं. एक स्टार देऊ का?

वाफाळता
घराजवळच्या कॉफी शॉपमध्ये गेलं दीड वर्ष जातोय, आठवड्यातून तीनदा तरी. परवा कॅपुचिनो घेतली, पहिलाच घोट कोमट. उठून काउंटरवर गेलो, म्हटलं, "जरा गरम करून मिळेल का?" मुलगा नवा होता. त्याने कपाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सर, याहून गरम केलं तर दुधाची वाट लागते. कॅपुचिनो अशीच प्यायची असते." मागे रांगेत चार माणसं. त्यातली दोन हसली. निदान मला तरी तसं वाटलं.

कप तसाच टेबलावर सोडून घरी आलो आणि रिव्ह्यू लिहायला बसलो. एक स्टार, खाली दोन परिच्छेद. 'उद्धट' हा शब्द दोनदा आलाय. अजून पोस्ट केलेला नाही. बायको म्हणते, एका कपासाठी कुणाच्या पोटावर पाय कशाला देतोस? माझं म्हणणं साधं आहे: पैसे माझे, जीभ माझी, मग कॉफी किती गरम हवी ते मीच ठरवणार ना? तुमचं मत सांगा.

निम्मी साखर
टाका बिनधास्त. गिऱ्हाइकाला शिकवणी लावणाऱ्या दुकानांचा मला भयंकर राग आहे.

गाळणी
थांबा, थांबा. मी चार वर्षं काउंटरच्या पलीकडे उभी होते, त्यामुळे त्या मुलाची बाजू मांडते. आधी दुधाचं बघू.

कॅपुचिनोचं दूध मशीनच्या वाफेने साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या टप्प्यात दुधातला गोडवा जिभेला छान लागतो आणि फेस मऊ, बारीक राहतो. ७० च्या वर गेलं की दुधातली प्रथिनं बिघडायला लागतात, उकळलेल्या दुधाचा तो ओळखीचा वास येतो, आणि फेस वर कोरडा होऊन खाली नुसतं पाणचट दूध उरतं. आम्ही थर्मामीटर पहिले काही आठवडेच वापरायचो. नंतर डावा तळहात पिचरच्या, म्हणजे दुधाच्या भांड्याच्या, बुडाशी. हात ठेवणं नकोसं झालं की वाफ बंद. तसंच एकदा तापवून फेसाळलेलं दूध पुन्हा वाफवलं तर ते पहिल्यासारखं होत नाही. म्हणजे तुमचाच कप 'गरम करून' देणं खरोखर शक्य नव्हतं. नवा करून देणं शक्य होतं, आणि तो त्याने द्यायला हवा होता. ही त्याची चूक.

पण माहिती त्याने खोटी दिली नाही. एक स्टार म्हणजे फारच झालं.

रोखठोक
गाळणीताई, माहिती उत्तम, पण मुद्दा तो नाहीच. मी दवाखान्यात गेलोय का, की पथ्य सांगावं? उद्या मी म्हणालो, मला ७५ अंशांचीच कॉफी हवी, फेस गेला खड्ड्यात, तर दुकानदाराने "थोडी चव बदलेल हं" एवढं सांगावं आणि मुकाट करून द्यावी. 'कॉफी अशीच प्यायची असते' हे वाक्य कॉफीबद्दल नाही. 'तुम्हाला कळत नाही' एवढाच त्याचा अर्थ. दोन माणसं हसली ती त्यालाच.

शिवाय या सगळ्या नव्या दुकानांत हाच सूर असतो. साखर मागितली की भुवया वर. दूध मागितलं की "या बियांत दूध घालत नाहीत". अहो, घालत नसाल तुम्ही, मी घालतो.

कपबशी
रोखठोक, साखरेच्या भुवयांबद्दल १०० टक्के सहमत. पण '७५ अंश द्या, मुकाट करा' हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं 'बहुधा कर्करोगजनक' या गटात टाकली. धोका अन्ननलिकेला, आणि कारण पेय नव्हे, तापमान. गंमत म्हणजे त्याच वेळी खुद्द कॉफीवरचा जुना संशय त्यांनी मागे घेतला. म्हणजे कॉफी निर्दोष, चटका आरोपी. आपण मात्र उलटं धरून बसतो: 'कॉफी जपून घ्या' म्हणतो आणि फुंकर न मारता पितो.

रोखठोक
म्हणजे आता कॅपुचिनो कोमट मिळाली तर ती माझ्या अन्ननलिकेच्या काळजीपोटी? धन्य आहे.

कपबशी
कोमट नाही हो, ६० अंश. ६० अंश म्हणजे कोमट नव्हे, हात घालून बघा.

आकडेमोड
कॉफीतलं मला कळत नाही, स्टारमधलं कळतं. एखाद्या लहान दुकानाला ४० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.६ आहे असं धरा. तुमचा एक स्टार पडला की सरासरी ४.५१. स्क्रीनवर ४.६ चे ४.५ होतात. तोच एक स्टार ४००० रिव्ह्यू असलेल्या मोठ्या साखळीवर टाका, दशांशसुद्धा हलत नाही. मोठ्यांना आपला राग पोचतच नाही आणि लहानांना तो शंभरपट लागतो. दीड वर्षात अंदाजे दोनशे कप प्यायलात. एकशे नव्याण्णव कपांचे स्टार कुठे आहेत?

निम्मी साखर
हा मुद्दा बरोबर आहे, पण दुसरी बाजूही बघा. काउंटरवर तोंड उघडणं सगळ्यांना जमत नाही. मला जमत नाही. कॉफी आंबट लागली तरी मी "छान आहे" म्हणते, अर्धी टाकते आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. माझ्यासारखी दहा माणसं गप्प निघून गेली, तर दुकानदाराला कळणार कसं? त्यापेक्षा रिव्ह्यू बरा. निदान तो वाचता येतो.

गाळणी
निम्मी साखर, तुमची ती आंबट कॉफी सांगायलाच हवी होती. एस्प्रेसो, म्हणजे कॅपुचिनोतली ती मुळातली दाट कॉफी, काढताना साधारण १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. दळण जाड झालं की पाणी सुसाट निघून जातं, कॉफी आंबट आणि पातळ. फार बारीक झालं की थेंब थेंब उतरते, मग कडू. आणि दळण सकाळी एकदा लावलं की झालं, असं नसतं. हवेतला दमटपणा बदलला, बियांची नवी पिशवी उघडली, ग्राइंडर तापला, की पुन्हा जुळवावं लागतं. गर्दीत ते राहून जातं. गिऱ्हाइकाने "आज आंबट लागतेय" म्हटलं की आम्ही पुढचा शॉट घड्याळ लावून काढायचो, आणि बहुतेक वेळा तो १८-१९ सेकंदांतच उतरलेला असायचा. तुमचं एक वाक्य पुढच्या वीस कपांना वाचवतं. तोच रिव्ह्यू आठ दिवसांनी वाचून कुणाला काय कळणार? ती पिशवीसुद्धा संपलेली असते.

आता वाफाळता यांना एक विचारते, रागावू नका. तुमचं नाव पुकारल्यापासून कप हातात येईपर्यंत किती वेळ गेला? आणि कप कसला होता, कागदी की चिनी मातीचा?

वाफाळता
चिनी मातीचा, जाडजूड. वेळेचं आठवत नाही.

गाळणी
जाड कप गार असला तर कॉफी ओतल्या ओतल्या बरीच उष्णता तोच पितो. म्हणून कप मशीनच्या डोक्यावर ठेवतात, तिथे ते तापून राहतात. गर्दीत वरचे संपले की खालच्या कपाटातले गार कप निघतात. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "कप आधी तापवून घ्याल का?" गरम पाणी कपात दहा-पंधरा सेकंद ठेवून ओतून टाकलं की झालं. दुधाला हात लावावा लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही. आणि खरंच जीभ पोळेल इतकी गरम हवी असेल तर अमेरिकानो घ्या, ती गरम पाण्यावरच असते.

रोखठोक
म्हणजे गिऱ्हाइकाने आता मशीनवरचे कपही मोजायचे. पुढे दूध पण आम्हीच तापवू.

वाफाळता
धागाकर्ता परत आलाय. एक कबुली द्यायची आहे. गाळणीताईंच्या प्रश्नावर रात्री विचार केला. फोनमधली कॉल्सची यादी काढून बघितली. त्या दिवशी तिथे बसून मी ऑफिसचा एक फोन घेतला होता, सहा मिनिटं चार सेकंद. कप काउंटरवर कधी आला ते मला ठाऊकच नाही. नाव दोनदा पुकारल्याचं अंधुक आठवतंय.

म्हणजे कॉफी मीच गार केली. ठीक आहे. पण त्याने कपाकडे बघितलं नाही, ते बघितलंच नाही. हात लावून "अहो, हा तर गार झालाय, नवा देतो" म्हणाला असता तर मी स्वतःहून सांगितलं असतं की फोनवर होतो. बहुतेक सांगितलं असतं.

आज पुन्हा गेलो. तोच मुलगा. कप तापवून मागितला. काही न बोलता त्याने गरम पाणी ओतलं, कप गोल फिरवला, पाणी टाकलं. या वेळी मी काउंटरपाशीच उभा राहून घेतली. पहिल्या घोटाला ओठाला किंचित चटका बसला. छान होती. परवाबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

आकडेमोड
आणि रिव्ह्यू?

वाफाळता
टाकला. तीन स्टार. दोन परिच्छेदांच्या दोन ओळी केल्या. 'उद्धट' एकदाच ठेवलाय.

रोखठोक
मी दोनदाच ठेवला असता.