क्वाटची विषाणूनाशक चाचणी: घट २ लॉगवरच अडते

सूक्ष्मदर्शी: बेन्झाल्कोनियम क्लोराईड (क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुग) असलेल्या जंतुनाशकाची सस्पेन्शन चाचणी (विषाणू द्रवातच औषधात मिसळून) ईएन १४४७६ या युरोपीय मानकाप्रमाणे चालू आहे. विषाणू एमव्हीए (व्हॅक्सिनियाचा कमजोर केलेला प्रकार), तो वाढवायला पेशी बीएचके-२१, २० अंश, ५ मिनिटं. कंट्रोल (औषध नसलेल्या) मिश्रणाचा टायटर, म्हणजे जिवंत विषाणूचं प्रमाण, मिलीला १०^६.५ टीसीआयडी५० (निम्म्या वेलना लागण करणारी मात्रा हे एकक). पण जंतुनाशकाच्या मिश्रणात १०^-३ डायल्यूशनपर्यंत (हजारपट पातळ करेपर्यंत) औषधाने पेशीच मरतात. त्यापुढच्या वेल स्वच्छ असतात, तरी घट २ लॉगच्या (१ लॉग म्हणजे दहापट) वर दाखवता येत नाही. निकष ४ चा. औषध कमी पडतंय की पद्धत?

पेशीपालक: पद्धत. १०^-३ पर्यंतच्या वेलमध्ये विषाणू उरला की नाही हे दिसतच नाही, म्हणून त्या सगळ्या पॉझिटिव्ह धराव्या लागतात. वेलला ०.१ मिली टाकत असाल तर स्पीअरमन-कार्बरने (वेलवरून टायटर काढायची रीत) ते १०^३.५, म्हणजे मिलीला १०^४.५. साडेसहातून साडेचार गेले, उरले २. हे तुमच्या मोजपट्टीचं टोक आहे. अहवालात '२' नको, '≥ २' लिहा.

सुटायचं तर दोन्ही बाजूंनी ओढा: पेशींना होणारा विषार कमी करा आणि विषाणूचा टायटर वाढवा. सर्वात स्वस्त उपाय आधी: विषाणूला पेशींवर तासभर बसू द्या, मग द्रव काढून एकदा धुवा आणि ताजं मीडियम घाला. तेवढ्याने भागलं नाही तर मिश्रण एस-४०० एचआर स्पिन कॉलममधून (रेणू आकारानुसार वेगळे करणारी जेलची नळी) काढा. क्वाटचे छोटे रेणू जेलमध्ये अडकतात, विषाणू पुढे जातो. कंट्रोलही त्याच कॉलममधून काढायचा, नाहीतर कॉलममध्ये गळालेला विषाणू औषधाच्या खात्यावर जमा होतो. दुसरीकडे, विषाणूचा स्टॉक अल्ट्रासेंट्रिफ्यूजने घट्ट करा.

लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० चा न्यूट्रलायझर (औषधाचा असर थांबवणारं द्रावण) वापरणार असाल तर तो एकटाच पेशींवर टाकून बघा. पेशी दिसायला ठणठणीत असूनही विषाणूला दाद देईनाशा होतात. औषधाचं बिनविषारी डायल्यूशन लावलेल्या आणि साध्या पेशींवर एकाच विषाणूचे टायटर काढा; फरक १ लॉगच्या आत हवा.

सूक्ष्मदर्शी: पेशींचा प्रश्नच नको म्हणून क्यूपीसीआर (विषाणूचा डीएनए मोजणं) केलं तर?

पेशीपालक: नाही. क्वाट आवरण फोडतं, डीएनए तसाच राहतो. मेलेला विषाणूही पीसीआरला जिवंतच दिसतो.

थेंबथेंब: टायटर सुधारला की दुसरं दुखणं वर येईल, ते आत्ताच सांगतो. १ भाग विषाणू, १ भाग प्रथिन (घाणीची नक्कल करणारा सेंद्रिय भार), २ मिनिटं थांबून ८ भाग औषध. म्हणजे औषध हव्या तीव्रतेच्या १.२५ पट बनवायचं. हे विसरलं की ०.५ टक्क्याऐवजी ०.४ टक्के तपासलं जातं. स्टॉकमध्ये सीरम असेल तर तेही सेंद्रिय भारात मोजलं पाहिजे. मानकातल्या 'स्वच्छ' परिस्थितीत बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) लिटरला ०.३ ग्रॅमच असतं, सीरम ते सहज ओलांडतं.

आणि पिपेट नळीच्या काठाला लावू नका. काठावर राहिलेल्या थेंबाला औषध लागतच नाही. मिश्रणात १०^७ विषाणू असतील तर त्यांचा हजारावा भाग काठावर राहिला तरी १०^४ सुखरूप वाचतात, आणि वेळ कितीही वाढवा, आलेख ३ लॉगवर सपाट होतो. सगळं मिसळून झालं की मिश्रण लगेच पिपेटने, काठाला न लावता, दुसऱ्या कोरड्या नळीत हलवा आणि ५ मिनिटं तिथेच मोजा. सपाटी गेली तर दोष थेंबाचा होता.