मुंबईत कामासाठी तीन रात्री: फोर्ट-कुलाब्यातलं छोटं बुटीक हॉटेल घ्यावं का?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, इथल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. पुढच्या महिन्यात मुंबईत तीन रात्री राहायचंय, दोन दिवस फोर्टात बँक आणि वकिलांकडे काम आणि एक दिवस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) कस्टमरकडे मीटिंग. आत्तापर्यंत कंपनी अंधेरीला एअरपोर्टजवळ चेनच्या हॉटेलात ठेवायची, त्या हॉटेलात खोट काही नाही, पण सकाळी तिथनं फोर्टला यायचं आणि संध्याकाळी परत जायचं यातच निम्मा जीव जातो, वर खोलीत शिरलं की आपण मुंबईत आहोत की हैदराबादला तेच कळत नाही. ह्यावेळी साहेब म्हणाले तूच बघ कुठं राहायचं ते, लिमिट साडेसात हजार रुपये रात्रीला, टॅक्स वेगळा.

मला फोर्ट किंवा कुलाब्यात जुन्या इमारतीतलं पंधरा-वीस खोल्यांचं छोटं हॉटेल बघायचंय. पण अडचणी सांगते. एक तर मी एकटी असणार. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सात-साडेसातला सीएसएमटीला उतरणार आणि साडेदहाला बँकेत हजर व्हायचं, चेक-इन मात्र सगळीकडे दुपारी. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर पाहिजे. आणि रात्री दोन तास तरी लॅपटॉप घेऊन बसावं लागतं. फोटोत सगळीच हॉटेलं देखणी दिसतात, त्यावरनं काही ठरवता येईना. कुणी राहिलंय का?

सदाशिवपेठी
नक्की राहा. मी पुण्याहून कामासाठी जातो तेव्हा फोर्टातच उतरतो. आधी बीकेसीचं काम असलं की फोर्ट नको वाटायचं पण ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय, आरे ते कफ परेड ३३.५ किमी, सगळ्यात लांबचं तिकीटसुद्धा ७० रुपये. हुतात्मा चौकाला किंवा सीएसएमटीला बसायचं आणि थेट बीकेसीला उतरायचं, घाम नाही की ट्रॅफिक नाही. फक्त जमिनीखाली मोबाइल नेटवर्कचा भरवसा धरू नका, मीटिंगचा पत्ता, गेट नंबर वगैरे आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि कस्टमरकडे जेवण वगैरे होऊन उशीर झाला तर शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या आसपास असते, त्यानंतर टॅक्सी. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे दक्षिणेला येत नाहीत हे बाहेरगावच्या माणसाला ऐन वेळी कळतं म्हणून सांगितलं.

सकाळच्या वेळेचं म्हणाल तर सीएसएमटीला रिटायरिंग रूम आहेत, कन्फर्म तिकिटाचा पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुक होतात. लवकर बघा, भरून जातात.

निमकर_ठाणे
मी उलट सांगेन. फिरायला जाताय तर बुटीक घ्या, कामाला जाताय तर चेन. माझा अनुभव (नाव घेत नाही): रात्री साडेअकराला वायफाय गेलं, दुसऱ्या दिवशी टेंडर अपलोड करायचं होतं, आणि काउंटरवर जो मुलगा होता त्याला राउटर कुठल्या कपाटात आहे तेच माहीत नव्हतं. मालक फोन उचलेना. मोठ्या हॉटेलात अशा वेळी ड्युटी मॅनेजर असतो, निदान खोली तरी बदलून देतात. छोट्या ठिकाणी बदलून द्यायला दुसरी खोलीच नसते. सौंदर्य वगैरे ठीक आहे हो, पण ताईंना तिथं काम करायचंय.

कॉजवेचा_कोपरा
रंकाळाकाठ ताई, मी कुलाब्यातल्या एका छोट्या हॉटेलात बरीच वर्षं फ्रंट डेस्कला होतो, आता दुसरीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निमकरांचं म्हणणं मी खोडणार नाही, असं होतं. पण माझं ठाम मत आहे की छोट्या हॉटेलात "हॉटेल चांगलं की वाईट" हा प्रश्नच अर्धा आहे, तुम्हाला कुठली खोली मिळते आणि रात्री काउंटरवर कोण असतं ह्यावर सगळं अवलंबून. चेनच्या हॉटेलात ३०४ आणि ५०४ सारख्याच असतात. आमच्याकडे वीस खोल्या होत्या आणि वीस तऱ्हेच्या होत्या. एका खोलीत उंच छत, रस्त्यावर उघडणारी मोठी लाकडी खिडकी, खाली जुन्या फरशीची नक्षी, आणि त्याच मजल्यावर तीन दारं सोडून जी खोली होती तिची खिडकी डक्टमध्ये उघडायची, म्हणजे समोर दोन फुटांवर पाइप आणि कबुतरं, दिवसासुद्धा ट्यूब लावल्याशिवाय केस विंचरता यायचे नाहीत. दोन्हींचा रेट साइटवर जवळपास सारखा. फोटो अर्थातच पहिल्या खोलीचे.

तर ॲपवरून डोळे झाकून बुक करू नका. ॲपवर हॉटेल शोधा, रिव्ह्यूत लोकांनी खोली नंबर लिहिले असतील ते टिपून ठेवा, आणि मग सरळ हॉटेलला फोन लावा. दुपारी तीन ते पाच ह्या वेळात, कारण सकाळी चेक-आउटची गर्दी असते आणि तेव्हा कुणी नीट बोलणार नाही. फोनवर म्हणा मी कंपनीच्या कामाला एकटी येतेय, तीन रात्री, खिडकी बाहेर उघडणारी आणि टेबल-खुर्ची असलेली खोली पाहिजे, कुठला नंबर द्याल. नंबर सांगितला की मेसेजवर लिहून घ्या. ॲपवाले हॉटेलकडून पंधरा-वीस टक्के कमिशन घेतात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे थेट बुकिंगला मालक खूश असतो आणि रेट तोच ठेवला तरी खोली चांगली देतो. आम्ही तेच करायचो. चांगल्या खोल्या फोनवाल्यांना, उरलेल्या ॲपवाल्यांना.

टेबल-खुर्चीचं मुद्दाम विचारा. बुटीक म्हटलं की डिझायनरचा सगळा जीव पलंगाच्या मागच्या भिंतीवर आणि पिवळ्या दिव्यांवर असतो, लॅपटॉप ठेवायला एक गोल स्टूल देतात. प्लग पॉइंट पलंगाजवळ आहे का तेही विचारा.

आवाजाचं सांगतो. फोर्ट-कुलाब्याच्या बऱ्याच जुन्या इमारती हेरिटेज यादीत आहेत, दर्शनी भागात काही बदलायचं तर हेरिटेज समितीची परवानगी लागते, म्हणून मालकाला वाटलं तरी जुनी लाकडी खिडकी काढून जाड दुहेरी काचेची लावणं सोपं नसतं. त्यात बऱ्याच इमारतींत मजल्यांना लाकडी तुळया आणि फळ्या, वरच्या खोलीतला माणूस चालला की खाली कळतं. रस्त्याची बाजू उजेडाची पण आवाजाची, मागची बाजू शांत पण कधी कधी डक्टची. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, गल्लीकडे उघडणारी खोली मिळाली तर ती घ्या. कुलाबा कॉजवेच्या रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. फोर्टात ऑफिसं सुटली की आठनंतर सामसूम. झोप हवी तर फोर्ट, रात्री खाली उतरून चार माणसं दिसायला हवीत तर कुलाबा.

आता सकाळचा प्रश्न. साडेसातला खोली मिळेल ही आशा सोडून द्या. वीसपैकी एकोणीस खोल्या भरलेल्या असल्या तर पाहुणा बाहेर पडल्याशिवाय आम्ही देणार कुठून? पण बॅग ठेवून घेणं आणि आंघोळीला बाथरूम देणं हे छोटी हॉटेलं आनंदानं करतात, फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगा म्हणजे रात्रपाळीचा माणूस सकाळच्याला सांगून जातो. आमच्याकडे ह्या कामासाठी एक जादा बाथरूम होतं, टॉवेल-साबण ठेवलेलं असायचं. "आंघोळीची सोय होईल का" ह्याला फोनवर काय उत्तर येतं त्यावरून हॉटेल ओळखा. "मॅडम चेक-इन दोनला" एवढंच म्हणून फोन ठेवला तर तिथं जाऊ नका.

सीए_मिरज
बिलाचं मी सांगतो कारण ह्यात खूप घोळ होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण तिथं हॉटेलला स्वतःच्या खरेदीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेला टॅक्स वळता करून घेणं, मिळत नाही. साडेसात हजाराच्या वर १८ टक्के, तिथं हॉटेलला ते मिळतं. ही अट हॉटेलपुरती, तुमच्या कंपनीला कामाच्या मुक्कामाच्या बिलावरचं क्रेडिट दोन्हीकडे घेता येतं. म्हणजे ७,४०० ची खोली घेतली तर ३७० टॅक्स, बिल दिसतं ७,७७०. आणि ७,८०० ची घेतली तर १,४०४ टॅक्स, बिल दिसतं ९,२०४, पण कंपनी महाराष्ट्रात रजिस्टर्ड असेल आणि क्रेडिट वापरू शकत असेल तर टॅक्स दोन्हीकडे परत मिळतो, म्हणजे खरा खर्च ७,४०० आणि ७,८००. चारशे रुपयांचा फरक, बिलात दिसतो तसा १,४३४ चा नाही. तुमच्या साहेबांना हा हिशोब दाखवा, लिमिट थोडं वर सरकवायला हरकत नसावी.

स्लॅब बोर्डावर लावलेल्या रेटवर नाही, तुमच्याकडून प्रत्यक्ष जे भाडं घेतलं त्यावर ठरतो. जेवणाचं वेगळं बिल झालं तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. आणि कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, छोट्या हॉटेलात चेक-आउटला सांगितलं की आधीच फाडलेलं बिल बदलायला टाळाटाळ होते. ॲपवरून बुकिंग असेल तर ॲपचं व्हाउचर म्हणजे टॅक्स इनव्हॉइस नव्हे, हॉटेलचंच बिल मागा.

मृण्मयी_नाशिक
एकटीनं राहण्याबद्दल लिहिते, मी सेल्सला आहे, महिन्यातले बरेच दिवस बाहेरच असते. मला स्वतःला छोटी हॉटेलं जास्त बरी वाटतात कारण दुसऱ्या दिवसापासून सगळे ओळखतात, उशीर होणार असला तर काउंटरवर सांगून जाता येतं आणि ते लक्षात ठेवतात. पण काही गोष्टी बघितल्याशिवाय मी बुकिंग करत नाही. फोर्टातली कित्येक हॉटेलं इमारतीच्या एखाद-दोन मजल्यावर असतात, खाली वकिलांची, शिपिंगवाल्यांची ऑफिसं. म्हणजे रात्री दहाला तुम्ही परत याल तेव्हा खालचं मुख्य दार, जिना आणि लिफ्ट सगळं सुनसान. खाली वॉचमन रात्रभर असतो का, जिन्यात दिवे असतात का आणि लिफ्ट रात्री चालू असते का हे विचारायचंच. काही इमारतींत अजून जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट आहे, ती लिफ्टमन गेला की बंद करतात, बॅग घेऊन तीन जिने चढावे लागतात.

खोलीला आतून कडी पाहिजे, नुसतं कार्डाचं लॉक असेल तर मी घेत नाही. काउंटरवरचा माणूस चारचौघांत खोली नंबर मोठ्यानं बोलला तर मी खोली बदलून मागते, त्यात लाजायचं काही नाही. आधारची झेरॉक्स देऊ नकोस, मास्क्ड आधार डाउनलोड करून ने, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दे. आणि ११२ तर माहीत असेलच.

जेवायचं काळजी नको. सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव आहे, पंचमची पुरी-भाजी आहे. बॅलार्ड इस्टेटला काम असेल तर दुपारी ब्रिटानियात बेरी पुलाव खा, संध्याकाळच्या भरवशावर राहू नकोस, ते दुपारचंच ठिकाण. नाश्त्याला धोबी तलावला क्यानी, १९०४ पासूनचं आहे, बन मस्का आणि अकुरी.

निमकर_ठाणे
कॉजवेचा कोपरा यांनी लिहिलंय तसं आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी खोलीही डक्टचीच होती. वायफायबद्दल मात्र एक सांगतोच, फोनवर "वायफाय आहे का" विचारू नका, आहेच म्हणतात. "मजल्यावर राउटर आहे का आणि रात्री बंद पडलं तर कोण बघतं" असं विचारा. जुन्या इमारतींच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, रिसेप्शनचा सिग्नल आत पोचत नाही. स्वतःचा हॉटस्पॉट चालेल एवढा डेटा ठेवा.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. काल दुपारी साडेतीनला तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्या ठिकाणी "दोनला चेक-इन" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या ठिकाणी बाई होत्या, त्यांनी स्वतःहून सांगितलं की साडेसात हजारात जी खोली आहे तिला बाहेरची खिडकी नाही, तुम्हाला काम करायचं असेल तर घेऊ नका. तिसरं फोर्टात आहे, तिसऱ्या मजल्यावरची गल्लीकडची खोली, टेबल आहे, लिफ्ट रात्रभर चालू, खाली वॉचमन. सकाळी आंघोळीची सोय करतो म्हणाले, फक्त आठच्या आत या, त्यानंतर हाऊसकीपिंगवाले ते बाथरूम वापरतात. रेट ७,८०० म्हणतात. सीए साहेबांचा हिशोब आमच्या साहेबांना पाठवला, हो म्हणालेत. खोली नंबर आणि जीएसटी नंबर दोन्ही मेसेजवर घेतलेत.

महालक्ष्मी लेट झाली तर आठची वेळ चुकेल, म्हणून रिटायरिंग रूमपण बघून ठेवतेय.

सोलापूरी_चादर
मधेच विचारतो, सीए साहेब, मी कंपनीच्या कामाला बेंगळुरूला जातो, तिथं पण हा ७,८०० वाला हिशोब लागू होतो का? आमची कंपनी सोलापूरचीच, फक्त महाराष्ट्रात रजिस्टर्ड.

सीए_मिरज
नाही. हॉटेलच्या बाबतीत ज्या राज्यात हॉटेल आहे तिथला टॅक्स लागतो, म्हणजे बेंगळुरूच्या बिलावर केंद्राचा आणि कर्नाटकचा. कर्नाटकात तुमचं रजिस्ट्रेशन नसेल तर ते क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही, १८ टक्के पूर्ण खर्चात जातील. तिथं साडेसात हजाराच्या आतलीच खोली बघा.