आंतरवासितेनंतर छात्राध्यापकांची अभिवृत्ती घसरते, म्हणजे नेमके काय होते?

कोरी पाटी:

नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. प्रवेश झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात आमच्याकडून अध्यापन व्यवसायाविषयीची एक अभिवृत्ती शोधिका, म्हणजे मनाचा कल मोजणारी प्रश्नावली, भरून घेण्यात आली होती. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच रकाने आणि प्रत्येक विधानासमोर एक खूण, असे तिचे नेहमीचे स्वरूप. दुसऱ्या वर्षातील १६ आठवड्यांची आंतरवासिता (शाळेत जाऊन करायचा अध्यापनाचा सराव) संपल्यावर तीच शोधिका मी माझ्या प्रकल्पासाठी त्याच वर्गाकडून पुन्हा भरून घेतली. बेरीज केल्यावर बहुतेकांचे गुण खाली आलेले दिसतात, माझेही. ‘आंतरवासितेमुळे छात्राध्यापकांच्या अभिवृत्तीत घट झाली’ असा निष्कर्ष लिहावा, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. आकड्यांकडे पाहता तो चूक म्हणता येत नाही, परंतु लिहिताना माझा हात अडतो. का, ते सांगण्यासाठी माझाच एक पाठ येथे मांडते.

सहावीचा वर्ग होता आणि घटक होता दशांश अपूर्णांकांची तुलना. पाठ टाचणातील ‘विद्यार्थी कृती’ या रकान्यात ‘विद्यार्थी ०.५ ही संख्या मोठी असल्याचे सांगतात’ असे मी आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. (विद्यार्थी काय सांगणार हे विद्यार्थ्यांच्या आधी आपल्याला ठाऊक असते, ही टाचणाची गंमत आहे.) प्रत्यक्षात तिसऱ्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, ‘०.४५ मोठी, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे.’ मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसले होते. मी ‘चूक, बस खाली’ असे म्हणून पुढच्या मुलीला विचारले, तिने टाचणातले उत्तर दिले, मी ‘शाब्बास’ म्हटले आणि पाठ वेळेत संपवला. वहीत शेरा मिळाला: ‘उत्तरे चांगली काढून घेतली. फलकलेखनात सुधारणा हवी.’

तो मुलगा मात्र डोक्यातून जाईना. तीन दिवसांनी ऑफ तासाला त्याच वर्गावर गेले, तेव्हा मी त्याला अर्धा रुपया आणि पंचेचाळीस पैसे यांची तुलना करायला सांगितली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘म्हणजे तो ५ नाहीच मॅडम, तो ५० आहे.’

शोधिकेत ‘विद्यार्थ्यांच्या चुका ही शिक्षकासाठी शिकण्याची संधी असते’ या अर्थाचे एक विधान आहे. पहिल्या वर्षी मी डोळे झाकून ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली होती. आता तेथे पोहोचल्यावर ‘बस खाली’ हे माझेच शब्द आठवले आणि मी ‘अनिश्चित’ हा रकाना निवडला. म्हणजे पाचाचे तीन गुण झाले. ही घट मानायची का? आणि माझ्या वर्गमित्रांपैकी कोणाचे गुण अशा कारणाने उतरले आणि कोणाचे खरोखरच मन उडाल्यामुळे, हे शोधायचे कसे?

---

जुना खडू:

प्रश्न चांगला आहे, आणि तो निष्कर्ष लिहिण्यापूर्वी पडला हे अधिक चांगले. मी अध्यापक महाविद्यालयात गणित अध्यापन पद्धती शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे निरीक्षकाच्या वहीतील ‘फलकलेखनात सुधारणा हवी’ हा शेरा मीही असंख्य वेळा लिहिला आहे, हे आधीच कबूल करतो. एका दिवसात वेगवेगळ्या वर्गांवर सात-आठ पाठ पाहायचे असले की निरीक्षकाचा डोळा फळ्यावर स्थिरावतो, कारण फळा दारातूनही दिसतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे पाहण्यासाठी मात्र पूर्ण तास बसावे लागते.

तुमच्या मूळ शंकेविषयी सांगायचे तर अमेरिकेतील संशोधिका फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये एक मांडणी केली, ती तुम्हाला उपयोगी पडेल. शिक्षक होऊ घातलेल्या व्यक्तीची काळजी आरंभी स्वतःविषयी असते: वर्ग मला जुमानेल का, निरीक्षक काय म्हणतील, साडीचा पदर नीट आहे ना. मग ती कामाकडे वळते, म्हणजे घटक वेळेत संपेल का, साहित्य पुरेल का, इकडे. आणि पुढे केव्हातरी मुलांना काय कळले, काय कळले नाही, याकडे जाते. हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक येतात, असे माझा अनुभव सांगत नाही. माणूस एकाच तासात तिन्हींवर उभा असू शकतो. परंतु ‘बस खाली’ म्हणताना तुमची काळजी स्वतःविषयी होती आणि तीन दिवसांनी पैशांचे उदाहरण देताना ती त्या मुलाविषयी होती, हे उघड आहे. मधले अंतर सहमतीच्या पाच रकान्यांत मावत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या महिन्यातील उत्तरे कोठून आली होती? अध्यापनाविषयीची आपली मते बी.एड.मध्ये तयार होत नाहीत. आपण बाकावर बसून बारा-पंधरा वर्षे शिक्षक पाहिलेले असतात आणि त्या पाहण्यातूनच मते बनतात. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या गोष्टीला निरीक्षणातून झालेली उमेदवारी (शिकाऊपण) म्हटले होते. त्या उमेदवारीची त्रुटी अशी, की विद्यार्थ्याला शिक्षक बोलताना दिसतो, परंतु बोलण्याआधी त्याने काय काय सोडून दिले, ते दिसत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षीचे तुमचे ‘पूर्णतः सहमत’ हे आवडलेल्या एखाद्या बाईंविषयीचे प्रेम असते, आणि ते खोटे नसले तरी त्याची किंमत तुम्ही अजून मोजलेली नसते. अशा आरंभबिंदूवरून मोजलेल्या घटीला घट म्हणताना मी तरी दहा वेळा विचार करीन.

सूक्ष्म अध्यापनाचाही, म्हणजे वर्गमित्रांसमोर काही मिनिटांचा छोटा पाठ घेण्याच्या सरावाचाही, येथे संबंध आहे. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मलेले हे तंत्र आपल्याकडे आले, तेव्हा त्याचे ३६ मिनिटांचे चक्र ठरले: ६ मिनिटे अध्यापन, ६ प्रत्याभरण (अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. पुनर्नियोजनाला सर्वाधिक वेळ दिला आहे, हे पाहा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पहिली ६ मिनिटे होतात, मैत्रिणी विद्यार्थी होऊन ठरलेली उत्तरे देतात आणि उरलेले चक्र वहीत पूर्ण होते. पुढे शाळेतील मूल ठरलेले उत्तर देत नाही, तेव्हा छात्राध्यापक गांगरतो आणि आपण ‘अभिवृत्ती घसरली’ असे लिहितो.

---

घंटा आणि हजेरी:

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि आमच्याकडे दरवर्षी बी.एड.चा एक गट आंतरवासितेला येतो. जुना खडू सरांनी महाविद्यालयाची बाजू मोकळेपणाने सांगितली, म्हणून मी शाळेची सांगते, कारण छात्राध्यापकांचे मत बिघडवण्यात आमचाही वाटा आहे.

गट आला की आमच्या शिक्षक कक्षात पहिला विचार होतो तो ऑफ तासांचा. कोण रजेवर आहे, कोणाला निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामासाठी जायचे आहे, त्यांच्या वर्गांवर ही मुले-मुली पाठवली जातात. त्यांचा विषय कोणता, हे तेव्हा विचारले जात नाही. ‘तुमचे ते ज्ञानरचनावादी वगैरे महाविद्यालयात ठीक, इथे चाचणीच्या आधी दोन धडे संपवा’ हे वाक्य आमच्याकडे हमखास ऐकू येते, आणि एका वर्षी ते मीही म्हटले आहे. मार्गदर्शक शिक्षकाला या कामासाठी तासिकांत कोणतीही सूट मिळत नाही. माझे स्वतःचे तास घेऊन झाल्यावर मी छात्राध्यापिकेशी तिच्या पाठाविषयी बोलते ते जिन्यावर, वह्यांचा गठ्ठा हातात असताना.

मुलांना यातले सगळे कळते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती या मंडळींना ‘पाठवाले सर’ आणि ‘पाठवाल्या मॅडम’ म्हणतात. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी मुले अंतिम पाठाच्या दिवशी, बाहेरचे परीक्षक आत आले की, ताठ बसतात आणि येत असो वा नसो, हात वर करतात. मागच्या वर्षी एका मुलाला मी विचारले, की तुला उत्तर येत नव्हते तर हात का वर केलास. त्याने सांगितले, ‘मॅडमचे मार्क जातील ना.’

कोरी पाटी, तुमच्या शोधिकेत एक प्रश्न वाढवता आला तर पाहा: पाठ झाल्यावर त्याविषयी कोणी तुमच्याशी पाच मिनिटे बसून बोलले का? माझ्या पाहण्यात ज्यांच्याशी कोणी बोलले, त्यांची तक्रार ‘मला अमुक जमत नाही’ अशी असते. ज्यांच्याशी कोणीच बोलले नाही, ते ‘या मुलांना काही येतच नाही’ असे म्हणत परत जातात. दोघांचे गुण तुमच्या बेरजेत कदाचित सारखेच उतरतील.

---

प्रतीक्षायादी:

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. आदर ठेवून सांगतो, की चर्चा फार वर्गाच्या आतच राहिली आहे.

माझे बी.एड. होऊन काही वर्षे झाली. आमच्या तुकडीतील निम्मे जण ‘पदवी हाताशी असू दे’ म्हणून आले होते आणि त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. एका वर्षाचा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, म्हणजे शुल्क आणि खोलीभाडे दोन वर्षांचे झाले. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, त्यानंतर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरील जाहिरातीची वाट. निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० रुपये झाले, ही चांगली गोष्ट आहे, पण त्याआधी कित्येक वर्षे ते ८,०००च होते. मध्यंतरी पहिली ते पाचवीसाठीही बी.एड. ग्राह्य धरणारी २०१८ ची अधिसूचना निघाली, म्हणून अनेकांनी प्राथमिकची तयारी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ते दार बंद झाले. निकालामागचे तत्त्व मला मान्य आहे, कारण लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण आम्हाला मिळालेले नसते. तरी त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत कोणी कोणाशी बोलले नाही, हेही खरे.

आंतरवासितेच्या काळातच छात्राध्यापकाला हे सगळे पहिल्यांदा जवळून दिसते. शिक्षक कक्षात त्याच्या शेजारी विनाअनुदानित तुकडीवर काम करणारा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस डबा खात असतो. त्यानंतर ‘अध्यापन हा समाधान देणारा व्यवसाय आहे’ या विधानापुढे जर त्याने ‘असहमत’ अशी खूण केली, तर त्यात अभिवृत्तीचा दोष कोठे आला? मला शिकवायला तेव्हाही आवडत होते आणि आजही खाजगी शिकवणीत दहावीचे बीजगणित शिकवताना आवडते. व्यवसायाविषयीचे माझे मत मात्र वाईट आहे. तुमच्या शोधिकेने या दोन गोष्टी एकाच बेरजेत टाकल्या असतील, तर ती बेरीज निरर्थक आहे, एवढेच माझे म्हणणे.

---

कोरी पाटी:

तिघांचेही मनापासून आभार. प्रतीक्षायादी यांचा प्रतिसाद वाचून मी शोधिका पुन्हा काढली आणि विधाने दोन गठ्ठ्यांत वेगळी केली: व्यवसाय, वेतन, प्रतिष्ठा यांविषयीची एका बाजूला आणि मुले, चुका, वर्ग यांविषयीची दुसऱ्या बाजूला. चार-पाच विधाने कोणत्याच गठ्ठ्यात बसत नाहीत; ती सध्या बाजूला ठेवली आहेत. माझ्या स्वतःच्या बाबतीत पहिल्या गठ्ठ्यात फारसा फरक नाही. जे उतरले ते दुसऱ्यात, आणि तेही त्या सहावीच्या वर्गाभोवतीचेच आहे.

घंटा आणि हजेरी ताई, तुम्ही सुचवलेला प्रश्न मी घेणार आहे. त्याच्या जोडीला प्रत्येकाने आंतरवासितेतील असा एक प्रसंग लिहून द्यावा, ज्यात मुलाने टाचणातले उत्तर दिले नाही, अशी विनंती करण्याचा विचार आहे. मार्गदर्शकांना हे सांगितले तेव्हा ते प्रथम ‘प्रसंगांची बेरीज कशी करणार?’ असे म्हणाले, पण नंतर परिशिष्टात जोडायला तयार झाले.

सर, एक अडचण उरते. पहिल्या वर्षीचे आणि आताचे उत्तर एकाच व्यक्तीचे आहे हे जुळवण्यासाठी दोन्ही शोधिकांवर हजेरी क्रमांक घातले आहेत. क्रमांक घातला की मैत्रिणी जपून लिहितात. शिवाय अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याच टेबलावर हे कागद जाणार आहेत.

---

जुना खडू:

हजेरी क्रमांक घातल्यामुळे पहिल्या वर्षीची उत्तरे आधीच थोडी गोड झालेली आहेत, हे अहवालाच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा. ते आता दुरुस्त होणार नाही. प्रसंगलेखनाच्या कागदावर मात्र क्रमांक घेऊ नका. प्रत्येकाने स्वतःच एक खूण तयार करावी: आईच्या माहेरच्या गावाचे पहिले अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेतील फक्त दिवस, उदाहरणार्थ ‘क १७’. पुढे शिक्षक म्हणून रुजू झाल्यावर तुम्हाला पुन्हा कधी विचारावेसे वाटले, तर ती खूण प्रत्येकाला आठवेल आणि कागद जुळवता येतील. दोघींची खूण सारखी निघाली, तर तिसरे चिन्ह म्हणून थोरल्या भावंडांची संख्या घाला. कागद वर्गात गोळा करू नका. ग्रंथालयात एक बंद खोके ठेवा आणि ते उघडताना मार्गदर्शकांऐवजी एखाद्या वर्गमैत्रिणीला सोबत घ्या.

आणि त्या मुलाचा प्रसंग परिशिष्टात न ढकलता अहवालाच्या पहिल्याच पानावर घ्या. मार्गदर्शक हरकत घेतील, तेव्हा त्यांना ०.४५ आणि ०.५ फळ्यावर लिहून दाखवा.